कपाटात मरणारी इंजिने
(नायट्रो इंजिनांचे रनिंग-इन आणि देखभाल या पुस्तिकेची प्रस्तावना)

रत्नागिरीत नायट्रो इंजिन मैदानावर क्वचित मरते. ते मरते कपाटात. मेअखेरीस गाडी मनसोक्त पळवून, वरवर पुसून खोक्यात ठेवली जाते आणि गणपती उरकल्यावर खोके उघडते. फ्लायव्हील हलत नाही, किंवा हलले तर आतून करकर ऐकू येते. उघडून पाहावे तर मागचे बेअरिंग गंजलेले आणि क्रँकशाफ्टवर तांबूस डाग. मालक म्हणतो, माल हलका निघाला. माल बहुतेक वेळा बरा असतो. शेवटच्या दिवशी पोटात राहिलेल्या चमचाभर इंधनाने तीन महिने काम केलेले असते, एवढेच.

याच्या उलट टोकाला दुसरे मरण आहे. इंजिन नवे कोरे असते, हातात आलेला उत्साहही नवा असतो, आणि पहिल्याच संध्याकाळी गाडी पूर्ण वेगात सोडली जाते. ती झकास पळते, धूर कमी होतो, आवाज चढतो आणि मग मध्येच गप्प. पिस्टन धरला. किंवा धरत नाही, पण त्या एका संध्याकाळी बोअरची जी पकड जाते ती परत येत नाही, आणि पुढे ते इंजिन गरम झाले की बंद पडते ते पडतेच.

मधल्या काळात, म्हणजे गाडी खरोखर धावत असताना, मिश्रण आणि फिल्टर नीट असतील तर या इंजिनांना फारसे काही होत नाही. म्हणून या पुस्तिकेचा मुख्य भर दोन टोकांवर आहे: इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या आणि प्रत्येक दिवसाची शेवटची पाच मिनिटे. मधल्या वेळात गाडी कशी पळवायची ते मुलांना शिकवावे लागत नाही. रिमोट हातात आला की ते आपोआप येते.

ज्यांनी हे इंजिन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. रेडिओ-नियंत्रित गाड्यांत, म्हणजे खऱ्या मोटारीच्या एक अष्टमांश किंवा एक दशांश मापाच्या गाड्यांत, ही टू-स्ट्रोक इंजिने बसवतात. त्यांची मापे घनइंचात सांगण्याची पद्धत पडली आहे: ‘पॉइंट वन टू’ म्हणजे सुमारे २.१ सीसी, ‘पॉइंट टू वन’ म्हणजे सुमारे ३.५ सीसी. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना ज्या टू-स्ट्रोकचे आजही कौतुक आहे ती यामाहा आरएक्स-१०० साधारण साडेसात हजार फेऱ्यांना पूर्ण ताकद देते. हे बोटभर इंजिन तीस हजार फेऱ्या सहज गाठते. मिनिटाला तीस हजार म्हणजे सेकंदाला पाचशे. टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक फेरीला एक स्फोट, म्हणून स्फोटही सेकंदाला पाचशे. पिस्टन पाचशे वेळा वर जातो, थांबतो, उलटा फिरतो. कनेक्टिंग रॉडच्या बुशवर आणि बेअरिंगांवर काय भार येत असेल याचा अंदाज यावरून करावा.

याला स्पार्क प्लग नसतो. मॅग्नेटो, कॉइल, कॉन्टॅक्ट पॉइंट यांतले काहीच नसते. त्या जागी असतो ग्लो प्लग. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे एक बारीक वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलवर ते लाल करायचे. एकदा इंजिनाने पकडले की सेल काढून घ्यायचा, तरी वेटोळे लालच राहते. मेथेनॉलची वाफ तापलेल्या प्लॅटिनमला लागली की तिथे ज्वलन घडते, त्या उष्णतेने आणि आधीच्या स्फोटाच्या उष्णतेने पुढचा स्फोट पेटतो. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी १९४७ साली हा प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांवरचा विजेचा सगळा बोजा उतरला. जपानमध्ये ओसाकाची ओ.एस. ही कंपनी त्याआधी, १९३६ पासून, मॉडेलांची इंजिने बनवत होती. विमानांच्या मॉडेलांसाठी वाढलेले हे तंत्र पुढे जमिनीवरच्या गाड्यांत उतरले.

याच कारणाने ‘पेट्रोल घालून चालेल का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो आणि विचारणे योग्यच आहे, कारण नायट्रोचे इंधन महाग असते आणि ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही. पण पेट्रोलचे प्लॅटिनमशी हे नाते नाही. ग्लो प्लगचे इंजिन मेथेनॉलसाठीच बनलेले असते.

इंधनात तीन गोष्टी असतात: मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रोमिथेनची गंमत समजली की बाकीचे पुष्कळ समजते. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो मेथेनॉलला साडेसहा किलोही लागत नाही, आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. वजनाला वजन लावले तर पेट्रोलमध्ये उष्णता कितीतरी अधिक. पण इंजिनाला अडचण इंधनाची कधीच नसते, हवेची असते. साडेतीन सीसीत मावेल तेवढीच हवा आत येते. तेवढ्याच हवेत नायट्रोमिथेन दुपटीहून अधिक उष्णता देऊन जाते. म्हणून शर्यतीवाले नायट्रोचे प्रमाण वाढवत नेतात. युरोपीय संघात १ फेब्रुवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेनचे मिश्रण विकता येत नाही. स्फोटके बनवायला ते वापरता येते म्हणून हा निर्बंध आला. शिकाऊ माणसाला १६ टक्के भरपूर आहेत.

तिसरा घटक तेल. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये दोन ते चार टक्के ऑइल टाकायची सवय असलेल्या माणसाला इथले प्रमाण ऐकून धक्का बसतो: आठपासून वीस टक्क्यांपर्यंत. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते, पंप नसतो. वंगण इंधनाबरोबर येते आणि धुराबरोबर जाते. म्हणूनच हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन जरा कमी झाले की उष्णता वाढते आणि त्याच क्षणी वंगणही घटते. दोन्ही संकटे एकाच दाराने येतात. तेलात एरंडेल आणि कृत्रिम तेल असे दोन प्रकार, बऱ्याचदा दोन्हींचे मिश्रण. एरंडेल अति उष्णतेतही धातूला चिकटून राहते, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिने एरंडेलावर चालत. त्याचा दोष असा की ते जळून पिवळट-तपकिरी वार्निशचा थर मागे ठेवते. कृत्रिम तेल स्वच्छ जळते, पण इंजिन फार तापले तर आधी तेच साथ सोडते. नव्या इंजिनाच्या पहिल्या टाक्यांना थोडे एरंडेल असलेले इंधन वापरावे, असे या पुस्तिकेचे मत आहे.

इंधनाविषयी एक गोष्ट इथेच, सर्वांत आधी सांगायला हवी. मेथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, त्या दारूत हेच मेथेनॉल होते. ते पोटात गेले तर आंधळेपणा आणि मृत्यू, कातडीतूनही ते शरीरात जाते, वाफ श्वासातून जाते. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही, हात भाजल्यावर कळते. महाराष्ट्रात त्याचा साठा आणि विक्री विषविषयक नियमांखाली येते. म्हणून ‘घरी इंधन कसे बनवावे’ हे प्रकरण या पुस्तिकेत नाही आणि पुढच्या आवृत्तीतही नसेल. तयार, मोहोरबंद डबा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये. मुंबईहून येताना पिशवीत घालून मांडवी एक्स्प्रेसने तर मुळीच आणू नये, कारण रेल्वेतून ज्वालाग्राही द्रव नेणे हा गुन्हा आहे. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात. ही अट ज्याला जड वाटते त्याने विजेवरची गाडी घ्यावी.

आता रनिंग-इन. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना नव्या गाडीच्या मागच्या काचेवरची ‘रनिंग इन’ ही पाटी आठवत असेल. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचे नाही, ओझे घ्यायचे नाही, घाट टाळायचा. त्या शिस्तीमागे तर्क होता: सिलिंडर आणि रिंग यांच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे एकमेकांवर हळूहळू झिजून जुळावेत. नायट्रो इंजिनालाही तेच हवे, पण त्याची घडण वेगळी असल्याने जुनी शिस्त जशीच्या तशी लावली की नुकसान होते. नेमके हेच आपल्याकडे फार घडते. अनुभवी माणूस नवशिक्याला सांगतो, ‘सुरुवातीला इंजिन थंड ठेव.’ स्कूटरच्या बाबतीत हा सल्ला शहाणपणाचा होता. इथे तो घातक आहे.

कारण असे. या इंजिनात बहुधा पिस्टनला रिंगच नसते. ज्या रचनेला ‘एबीसी’ म्हणतात तिच्यात पिस्टन अॅल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेची आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा. ही स्लीव्ह सरळ नळकांड्यासारखी नसते. ती वर किंचित अरुंद असते, शतांश मिलिमीटरमध्ये मोजावी इतकी. म्हणून थंड इंजिनाचे फ्लायव्हील फिरवले की पिस्टन वरच्या टोकाशी अडकतो, जोर लावावा लागतो. नव्या माणसाला वाटते की काहीतरी बिघडले आहे. बिघडलेले काही नसते, ती पकड मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन चालू झाले की सर्वांत जास्त तापतो तो स्लीव्हचा वरचा भाग. तो फुगतो, अरुंदपणा नाहीसा होतो आणि ठरलेल्या तापमानाला पिस्टनभोवती नेमकी हवी तेवढी फट उरते. हे इंजिन गरम असतानाच मापात असते.

आता ते थंड ठेवून तासभर चालवले तर काय होईल? दर फेरीला पिस्टन त्या अरुंद गळ्यात घुसेल, ओढून बाहेर काढला जाईल, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. दोन नुकसाने होतात. जी पकड पुढे कॉम्प्रेशन देणार होती ती पहिल्या दिवशीच घासून जाते, आणि कनेक्टिंग रॉडवर नको तो ताण येतो.

म्हणून या पुस्तिकेतली पद्धत अशी: सुरू करण्याआधी हेअर ड्रायरने किंवा हीट गनने सिलिंडरचे डोके ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवावे. मिश्रण रिच ठेवावे, म्हणजे इंधन भरपूर, धूर दाट. तापमान नव्वद ते एकशेपाच अंश सेल्सियसच्या आसपास राखत कमी-जास्त थ्रॉटलवर टाकी संपेपर्यंत चालवावे. फार थंड पडत असेल तर कूलिंग फिन्सभोवती अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळावा. मग बंद करून पूर्ण निवू द्यावे, आणि निवताना पिस्टन खालच्या टोकाला असावा, नाहीतर आकसणारी स्लीव्ह त्याला गळ्यात धरून बसेल. फ्लायव्हीलवर मार्करने एक खूण केली की पिस्टन कुठे आहे ते बाहेरून कळते. पुन्हा तापवावे, पुन्हा चालवावे, दर टाकीला मिश्रण थोडे थोडे कमी करत न्यावे.

याला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे पुस्तिकेत दिले आहे. ट्रॅक्सास कंपनी आपल्या इंजिनांसाठी पाच टाक्यांचा क्रम सांगते, त्यात प्रत्येक टाकीला थ्रॉटल कितपत द्यायचा तेही ठरलेले आहे. काही जुने खेळाडू पहिल्या टाक्या गाडी ठोकळ्यावर ठेवून नुसत्या आयडलिंगवर संपवतात. ज्याच्या इंजिनाबरोबर कंपनीचे पुस्तक आले आहे त्याने ते पाळावे, वॉरंटीचा प्रश्न असतो. पण बहुतेक मतभेद टाक्यांच्या आकड्यावर आहेत. इंजिन गरम हवे आणि मिश्रण रिच हवे, या दोन गोष्टींवर जाणकारांचे जवळजवळ एकमत झालेले आहे.

मिश्रणावर या पुस्तिकेत सर्वांत मोठे प्रकरण आहे, आणि ते रत्नागिरीच्या हवेसाठी लिहिलेले आहे. परदेशी पुस्तकांत दिलेल्या सेटिंगांना इथे उत्तरे वेगळी येतात. हाय-स्पीड नीडल घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, मिश्रण लीन. उलट फिरवली की रिच. एवढे सगळ्यांना माहीत असते. पण नीडल एका जागी लावून विसरून जाण्याची गोष्ट नाही, कारण हवा तीच राहत नाही. जानेवारीतल्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, गार आणि कोरडा. अशा दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून इंधनही जास्त लागते. दुपारी खारा वारा सुटला की हवेत बाष्प येते, त्या बाष्पाने ऑक्सिजनची जागा अडवली की तेच सेटिंग रिच वाटू लागते. माणूस नीडल थोडी आवळतो, गाडी छान पळते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आवळलेली नीडल, तीच गाडी, आणि इंजिन लीन. धूर दिसत नाही, वेग दिसतो, म्हणून आनंदच होतो. एकशेतीस-चाळीस अंशांना तो आनंद संपतो.

आंबा घाट उतरून कोल्हापूरहून येणाऱ्या मित्रांना हे अधिकच लागू आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. तिथली हवा विरळ, म्हणून तिथे लावलेले सेटिंग कमी इंधनाचे असते. ते घेऊन कोणी समुद्रसपाटीला आला आणि गाडी तशीच सोडली तर इंजिन लीन चालणार. घाट उतरलात की पहिल्यांदा नीडल थोडी उघडा, मग गाडी सुरू करा. उलट प्रवासात चूक झाली तर नुकसान नाही, गाडी फक्त सुस्त पळेल.

मिश्रण ओळखायला यंत्रे कमी आणि इंद्रिये जास्त लागतात. पूर्ण वेगात निळसर-पांढऱ्या धुराची रेघ दिसलीच पाहिजे. आयडलिंगला असताना कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत धरली, तर आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडावे. लगेच पडले तर लो-स्पीड नीडल, म्हणजे कमी वेगाची, लीन आहे, बराच वेळ रेंगाळले तर रिच. प्लग काढून वेटोळे पाहावे: ओले आणि चकाकते असेल तर मिश्रण सुरक्षित, करडे आणि निस्तेज असेल तर सावध व्हावे, मोडले-वाकले असेल तर उशीर झाला. इन्फ्रारेड टेंपरेचर गन मिळाली तर उत्तम. नसेल तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो टाकल्याक्षणी उडून गेला तर इंजिन फार तापले आहे.

धुळीविषयी थोडक्यात, पण ठासून. रत्नागिरीत मोकळी सपाट जागा म्हणजे सडा, आणि सड्यावर जांभ्याची लाल धूळ. चंपक मैदानावर उन्हाळ्यात एक फेरी मारून आलेली गाडी पाहिली तर ती धूळ कुठकुठे जाते ते कळते. सेकंदाला पाचशे श्वास घेणाऱ्या इंजिनात ती गेली की पिस्टन आणि स्लीव्हमध्ये पॉलिश पेपर ठेवल्यासारखेच होते. एअर फिल्टरचा स्पंज दुपदरी असावा, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळलेला असावा आणि दर खेळानंतर धुतलेला असावा. कोरडा स्पंज धूळ अडवत नाही. फिल्टरची रबरी मान कार्बोरेटरला टायने घट्ट बांधावी. भाट्याच्या किनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. वाळूत मीठ असते आणि मीठ प्रत्येक स्क्रूच्या खाचेत जाऊन बसते. तो मोह विजेच्या गाडीनेही आवरावा.

आणि मग शेवटची पाच मिनिटे. मेथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. झाकण सैल राहिलेला डबा आपल्याकडे एका पावसाळ्यात निकामी होतो. इंजिनाच्या पोटात राहिलेले इंधनही तेच करते, शिवाय नायट्रोमिथेन जळल्यानंतर उरणारे अवशेष ओलाव्याच्या संगतीने आम्लधर्मी होतात. पुण्यात किंवा नागपुरात हा निष्काळजीपणा काही दिवस खपून जातो. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, तिथे तो खपत नाही. म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करावी. नळीतले आणि इंजिनातले उरलेसुरले इंधन इंजिन चालवूनच जाळून टाकावे. प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब सोडावेत, फ्लायव्हील हाताने काही वेळा फिरवावे, पिस्टन खाली आणून ठेवावा. एवढेच. यात कौशल्य काही नाही, फक्त त्या वेळी माणूस दमलेला असतो आणि घरी जायची घाई असते.

हे ज्ञान रत्नागिरीला नवे नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. मे संपत आला की मिरकरवाड्याला नौका शाकारण्याची धांदल उडते. इंजिनाच्या कूलिंगमधले खारे पाणी काढतात, ऑइल बदलतात, बॅटऱ्या घरी नेतात, छोट्या होड्यांची आउटबोर्ड इंजिने गोड्या पाण्याने धुऊन, तेल देऊन आत ठेवतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जायचे तर इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालेच पाहिजे, आणि ते ऑगस्टमध्ये ठरत नाही, मेमध्ये ठरते, हे तिथल्या कोणत्याही तांडेलाला सांगावे लागत नाही. पावसाळी साठवणीच्या प्रकरणातली बरीच शिस्त त्याच कामावरून घेतलेली आहे. माप बदलते, मीठ आणि ओलावा तेच राहतात.

ही पुस्तिका कोणासाठी? पहिला वाचक कॉलेजातला आहे. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ‘फुल थ्रॉटल’ या नावाने इंजिनाच्या रेडिओ-नियंत्रित गाड्यांची स्पर्धा गाजली, आणि तिच्या धर्तीवर महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांत नायट्रो गाड्या आल्या. रत्नागिरीतल्या फिनोलेक्स अकादमीत, शासकीय तंत्रनिकेतनात, आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांपर्यंत हे इंजिन पोहोचते ते बहुधा अशा एखाद्या स्पर्धेच्या निमित्ताने. चार-पाच जण वर्गणी काढतात, इंजिन मागवतात, चॅसिस स्वतः बनवतात. चॅसिस लांबते, स्पर्धेची तारीख लांबत नाही. मग जो वेळ कापला जातो तो रनिंग-इनचा. स्पर्धेच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या मागे नव्या इंजिनाला पहिली टाकी दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या फेरीत बसते. त्या मुलांना माझे सांगणे एवढेच: इंजिन आधी मागवा, चॅसिस नंतर आखा. लाकडी फळीवर बसवून इंजिन मोकळे करता येते, त्याला गाडी लागत नाही. फार तापू नये म्हणून समोर टेबलफॅन ठेवा आणि आवाज कमी ठेवा.

दुसरा वाचक म्हणजे बापलेकांची जोडी, आणि तिसरा म्हणजे टू-स्ट्रोकवर हात बसलेला आपला मेकॅनिक, ज्याच्याकडे कोणीतरी हे खेळणे घेऊन येते. मेकॅनिकला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. त्याच्यासाठी इतकेच लिहून ठेवतो की पिस्टन वर अडकला आहे म्हणून बोअर ‘मोकळा’ करायला घेऊ नये, स्लीव्ह स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, तापवून काढावी, आणि इंधन भरून जाम झालेल्या इंजिनाला स्टार्टर लावू नये, रॉड वाकतो. प्लग काढून गाडी उलटी करावी, इंधन बाहेर येऊ द्यावे, मग लावावा.

एक प्रश्न राहतो. ब्रशलेस मोटार आणि लिथियम बॅटरीच्या गाड्या आज अधिक वेगवान आहेत, त्यांना धूर नाही, आवाज नाही, रनिंग-इन नाही, विषारी इंधन नाही. मग नायट्रोवर मराठीत पुस्तिका कशाला? वेग हवा असेल तर खरोखरच ही पुस्तिका मिटून विजेची गाडी घ्यावी, पैसेही वाचतील. नायट्रो इंजिन घ्यावे ते इंजिनासाठी. कॉम्प्रेशन, मिश्रण, प्रसरण, वंगण, गंज हे शब्द पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरणांत असतात. इथे ते सगळे एका मुठीत मावतात, आणि एकात केलेली चूक दुसऱ्यात दिसते. नीडल पाव फेरा आवळली तर तापमान किती चढते हे स्वतःच्या हाताने पाहिलेला मुलगा पुढे जनरेटर, पॉवर टिलर किंवा ट्रॉलरच्या इंजिनासमोर उभा राहिला तर कुठे हात लावायचा ते त्याला कळते. आपल्या जिल्ह्यात अशा इंजिनांची आणि त्यांवरच्या कामाची कमतरता नाही.

पुस्तिकेची मांडणी सरळ आहे. पहिल्या भागात इंजिनाची घडण आणि इंधन, दुसऱ्यात रनिंग-इन, तिसऱ्यात मिश्रण आणि हवामान, चौथ्यात फिल्टर, क्लच, बेअरिंग आणि हवेची गळती, पाचव्यात पावसाळी साठवण. बिघाड शोधण्याचा तक्ता शेवटी आहे, पण तो आधी उघडू नये. तक्त्यात ‘इंजिन गरम झाले की बंद पडते’ या एका तक्रारीसमोर पाच कारणे आहेत, आणि त्यांतले आपले कोणते हे ठरवायला पहिले तीन भाग लागतात. शर्यतीसाठी इंजिन फेरफार करणे, पोर्ट घासणे, हेड शिम बदलून कॉम्प्रेशन वाढवणे हे विषय मुद्दाम वगळले आहेत. जे इंजिन अजून एक पावसाळा टिकलेले नाही त्याला अधिक ताकद देऊन उपयोग नाही.

मजकूर वाचून दुरुस्त्या सुचवणारे मित्र, वर्कशॉपचे दार रविवारीही उघडणारे शिक्षक आणि बंदीच्या काळातल्या इंजिनांविषयी न कंटाळता बोलणारे मिरकरवाड्याचे इंजिन-ड्रायव्हर यांचे आभार.

वाचकाकडे एक मागणी आहे. पुस्तिकेच्या शेवटी कोरी पाने ठेवली आहेत. दर खेळाच्या दिवशी तारीख, हवा, नीडल किती फेरे उघडी, डोक्याचे तापमान, कोणता प्लग, किती इंधन, आणि घरी आल्यावर तेल दिले की नाही, एवढे तिथे लिहावे. वर्षभराने ती पाने छापील पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतील, कारण त्यांत तुमचे मैदान, तुमची हवा आणि तुमचेच इंजिन असेल. शेवटच्या रकान्यात ‘हो’ लिहायचे राहिले असेल, तर पुस्तिका बाजूला ठेवा, कपाट उघडा आणि आधी ते काम करा.